आधी सीट निघते का बघा: एका जुन्या सायकलच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सायकल मामांची. स्टीलची फ्रेम, मागे पाच गिअर, सत्तावीस इंची चाकं, क्रोमच्या रिम. मामांनी ती वापरणं सोडल्यापासून कित्येक वर्षं जिन्याखाली उभी होती. भाच्याला कामावर जायला एका बाजूने साधारण सहा किलोमीटर पडत होते आणि नवी सायकल घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. मामा म्हणाले, "घेऊन जा. थोडं तेलपाणी केलंस की पळेल."

ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. पैशाचे आकडेही कुठल्या चलनात दिलेले नाहीत. भाच्याकडे होती ती सगळी रक्कम म्हणजे १०० असं धरलं आहे आणि पुढचा प्रत्येक खर्च त्या शंभरातला. भाव जागोजागी वेगळे असतात, प्रमाण मात्र बरंचसं सारखं राहतं.

नेमकी अडचण

भाचा सायकल ढकलत मिस्त्रीकडे घेऊन गेला आणि विचारलं, "सगळं नीट करायला किती लागतील?" मिस्त्रीने फिरून पाहिलं आणि यादी सांगितली. दोन टायर, दोन ट्यूब, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), दोन्ही हब (चाकांचे मधले तुंबे), बी.बी. (पायडलचा आस फिरतो तो भाग), ब्रेक केबलसकट आणि वर रंग. बेरीज १४०. त्यात रंगाचेच १८.

भाच्याला हा आकडा लुबाडणुकीचा वाटला. मला तसं वाटत नाही. 'सगळं नीट' म्हटल्यावर मिस्त्री सगळंच धरणार, कारण उद्या चेन घसरली तर बोल त्यालाच लागणार. प्रश्न असा हवा होता: रोज बारा किलोमीटर सुरक्षित चालवायला कमीत कमी काय करावं लागेल, आणि काय पुढे ढकलता येईल?

अडचण पैशांचीच असती तर सोपं होतं. भाचा मामांपेक्षा चांगला उंच. सीट होती त्या उंचीवर बसलं की गुडघे हँडलपर्यंत येत होते. सीटचा बोल्ट सैल केला तरी पाइप जागचा हलेना. निघताना मिस्त्री म्हणाला, "दादा, बाकीचं राहू द्या. आधी ती सीट निघते का बघा. नाही निघाली तर टायर कशाला घालायचे?"

सगळ्या प्रकरणात कामाची ठरली ती ही दोन वाक्यं. तोवर भाचा टायर घ्यायलाच निघाला होता. टायर फाटलेले दिसतात, म्हणून पहिला खर्च तिथे होतो. न दिसणारी गोष्ट नंतर नडते, आणि तोवर पैसे अशा वस्तूत अडकलेले असतात की त्या परतही करता येत नाहीत.

समोरचे पर्याय

नवी सायकल घ्यायची तर सगळ्यात स्वस्त होती तीच २३० च्या घरात. शिवाय अगदी स्वस्त सायकल नवी असली तरी ग्रीस, चाकांचा आउट (रिमचं डावी-उजवीकडे डुलणं) आणि ब्रेकची सेटिंग एकदा पाहून घ्यावीच लागते. पैसे साठेपर्यंत थांबायचं, तर रोजचा प्रवासखर्च चालूच राहणार होता, म्हणजे साठणंही लांबणार.

वापरलेली सायकल ११० ते १३० मध्ये मिळत होती. घरात बऱ्याच जणांचा कल तिकडे होता. पण अशी सायकल घेणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी जिन्याखालची सायकल घरी आणणं. तिचे हब कोणी उघडून दाखवत नाही, चेन किती झिजली आहे ते कोणी मोजून देत नाही. वरून धुतलेली, रंगाचा हात मारलेली, आतून कशी हे माहीत नाही. मामांच्या सायकलीची निदान हकिकत माहीत होती. अपघात झालेला नव्हता, पावसात उभी राहिली नव्हती आणि सीटचा पाइप कधीतरी मधेच बदललेला होता.

उरला पर्याय टप्प्याटप्प्याने दुरुस्तीचा. काही कामं स्वतः, काही मिस्त्रीकडून, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबायची मुभा. हाच निवडला, पण त्याआधी एक रेषा आखून घेतली. शंभरातले ३० राखीव, कारण जुन्या सायकलीवरचा पहिला खर्च शेवटचा नसतो. राहिले ७०. मामांची सायकल आहे म्हणून आणखी १०. म्हणजे ८० च्या पुढे काम जायला लागलं, तर सायकल जशी असेल तशी ठेवून द्यायची आणि वापरलेली शोधायची.

हे शेवटचे १० मला फार आवडले. आठवणीपायी माणूस जास्त खर्च करतोच. मग तो उघडपणे आकड्यात लिहिलेला बरा, नाहीतर तोच खर्च 'अजून थोडंच तर लागतंय' म्हणत महिनाभर झिरपत राहतो. मामांनी निम्मे पैसे देऊ केले होते. भाच्याने घेतले नाहीत. मामांचे पैसे आले असते तर रेषा कोणी पाळली नसती, आणि मामांच्या देखत सायकल नाकारणंही जड गेलं असतं.

फुकटात काय कळलं

पहिल्या टप्प्यात एकही पैसा खर्च करायचा नव्हता. सायकल निकाली काढू शकेल असं काही आहे का, एवढंच शोधायचं होतं.

सुरुवात फ्रेमपासून. समोरून धडक बसलेली असेल तर हँडलच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या तिरक्या पाइपच्या पोटाला रंग सुरकुततो, किंवा हाताला बारीक फुगवटा लागतो. तिथे बोट फिरवून पाहिलं, सपाट. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, बाजूने पाहिला, मागे वाकलेला नव्हता. मग दोऱ्याची चाचणी केली. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधायचा, तो पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा. मग सीटच्या उभ्या पाइपपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. एकीकडे दोन मिमी जास्त भरलं. मिस्त्रीच्या मते जुन्या स्टीलच्या फ्रेमला एवढं खपतं.

गंजाचं प्रकरण जरा वेळ खाणारं होतं. पायडलच्या शेलपासून (बी.बी. बसते त्या आडव्या नळीपासून) मागे जाणाऱ्या खालच्या पाइपवर, अगदी कोपऱ्यात, रंगाला नखाएवढा फोड आला होता. फोड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उकरला. तपकिरी पापुद्रे निघाले, खाली काळपट खरबरीत पत्रा. आता टोक दाबून पाहायचं. आत गेलं तर गंजाने पाइप खाल्ला आहे आणि फ्रेम गेली. टोक खडखडीत थांबलं. शेजारच्या चांगल्या भागावर ठोकलं आणि इथे ठोकलं, तर आवाज सारखाच टणक. सॅंडपेपर मारून घरात पडलेल्या रंगाचा हात दिला. हाच फोड दुसऱ्या टोकालाही आहे का तेही पाहिलं, कारण सीटच्या पाइपातून आत गेलेलं पाणी शेवटी या शेलमध्येच साचतं.

बाकीच्या तपासण्या पटापट झाल्या. चाकं उचलून फिरवली, ब्रेक शूपाशी रिम किती डुलते ते पाहिलं. मागच्याला तीनेक मिमी आउट होता, पुढच्याला किरकोळ. रिम बाजूने हलवली तर पुढच्या चाकात खेळ लागत होता. क्रँक (पायडलचा दांडा) हलवली तर डावी बाजू टकटक करत होती. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच येणारी ती टकटक बहुतेक वेळा कॉटर पिनची, म्हणजे क्रँक आसावर पक्की करणाऱ्या पाचरीची असते. चेन मोजली, त्याबद्दल पुढे येईलच.

इथपर्यंत खर्च शून्य आणि फ्रेम पास.

सीटचा पाइप

मूळचा स्टीलचा पाइप जाऊन कोणीतरी ॲल्युमिनियमचा बसवला होता, ग्रीस न लावता. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियम, मध्ये ओलावा आणि वर्षानुवर्षं स्थिर. अशा जोडीत ॲल्युमिनियम गंजतं, आणि त्याचा तो पांढरा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे पाइप आतल्या आत फुगून घट्ट बसतो.

इथे तीन वाटा होत्या. पहिली, गंज सोडवणारं पातळ तेल टाकायचं आणि धीर धरायचा. दुसरी, सायकल उलटी करून सीटचा पाइप मोठ्या शिकंजात पकडायचा आणि फ्रेमच धरून फिरवायची. तिसरी, पाइप वरून कापायचा आणि आत हॅक्सॉचं पातं घालून उभी चीर पाडत काढायचा. तिसरी वाट चालते, पण फार वेळखाऊ आहे आणि पातं जरा खोल गेलं की फ्रेमच कापली जाते. दुसरीत फ्रेमचे मागचे बारीक पाइप पिळण्याची भीती. म्हणून आधी तेल.

एका शेजाऱ्याने ब्लोलॅम्पने तापवायला सुचवलं. हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि या जोडीसाठी तो नेमका उलटा आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बाहेरून तापवत बसलं की थोड्या वेळात आतला पाइपही तापतो आणि आणखी आवळतो. थंड केलं तर फायदा होतो. रंग जळतो ते वेगळंच.

बोल्ट पूर्ण काढून टाकला, खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून ती किंचित उघडली आणि वरून तेल सोडलं. नंतर बी.बी. उघडल्यावर सायकल उलटी टांगून खालच्या बाजूनेही सोडलं, म्हणजे ते पाइपच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल. काही दिवस रोज तेल आणि रबरी हातोडीच्या हलक्या टोल्यांचा रतीब चालला. मग जुनी सीटच पाइपवर घट्ट आवळून तिचा दांडा केला आणि दोघांनी मिळून डावीकडे-उजवीकडे पिळायला सुरुवात केली. वर ओढायचं नाही, फक्त पिळायचं. आधी कडकन आवाज आला. सगळ्यांना वाटलं काहीतरी तुटलं. पण पाइपवर काढलेली पेन्सिलची खूण केसभर सरकली होती. त्यानंतर तो वेटोळे घेत, किरकिरत, पांढरी भुकटी सांडत बाहेर आला.

पाइप घासून साफ केला, ग्रीस लावून परत घातला. भाच्याच्या उंचीला सीट लावल्यावर, पाइप किमान जेवढा आत राहायला हवा त्याची खूण अजून फ्रेमच्या आतच होती. नसती, तर लांब पाइप शोधावा लागला असता आणि पाइपच्या जाडीचे इतके प्रकार आहेत की तोही एक वेगळा शोध झाला असता.

यात एक गोष्ट मनासारखी झाली नाही. बी.बी. आधी उघडली असती तर खालून तेल पहिल्याच दिवशी सोडता आलं असतं. वरून सोडलेलं तेल बहुतेक वरच्याच बोटभर भागात राहतं.

टायरचा आकार

सीट निघाल्यावर पहिला मोठा खर्च मोकळा झाला. इथे भाचा थोडक्यात वाचला. टायरवर २७ लिहिलेलं, म्हणून तो २७.५ चे टायर घ्यायला निघाला होता, 'अर्ध्या इंचाने काय होतंय' म्हणत. टायरच्या कडेला इंचांखेरीज आणखी एक आकडा असतो, तो खरा. इथे ३२-६३० होता. ३२ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये आणि ६३० म्हणजे रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास. २७.५ च्या टायरचा हा व्यास ५८४. म्हणजे अर्ध्या इंचाच्या नावाखाली ४६ मिमीचा फरक, आणि तोही उलट्या दिशेने. गंमत अशी की २९ म्हणून विकला जाणारा टायर ६२२ चा असतो, म्हणजे सत्तावीसपेक्षाही लहान. इंचाचे आकडे फुगलेल्या टायरच्या बाहेरच्या मापावरून पडलेले असतात आणि त्यात रुंदी मिसळलेली असते. दुकानात फक्त इंच सांगणाऱ्याने जुना टायर सोबत न्यावा, नाहीतर कडेचा आकडा लिहून न्यावा.

६३० चे टायर हल्ली कमी ठिकाणी मिळतात. म्हणून इथे खरा निर्णय होता: आहेत त्या चाकांना ६३० चे टायर शोधायचे, की ६२२ ची चाकंच बसवायची? दुसरा मार्ग वाटतो तितका अवघड नाही. त्रिज्येत चार मिमीचाच फरक पडतो, ब्रेकचे शू तेवढे खाली सरकले की झालं. शिवाय ॲल्युमिनियमच्या रिम मिळतात, त्यावर ओल्यात ब्रेक कितीतरी बरा लागतो. मागे मात्र फ्रेमची रुंदी आड येते. जुन्या पाच गिअरच्या हबला साधारण १२० मिमी जागा असते, नव्या हबना १३० किंवा १३५ लागते. स्टीलची फ्रेम जाणत्या हाताने फाकवता येते, पण ते काम आणि दोन चाकं मिळून ८० ची रेषा एका झटक्यात ओलांडली असती.

टायर मिळाले. थोडी शोधाशोध लागली. दोन टायर, दोन ट्यूब, रिमच्या पट्ट्या मिळून ३६. सगळ्यात मोठा खर्च हाच. टायर घालताना हवा बेताची ठेवली, कारण जुन्या स्टीलच्या रिमला आतून हुकासारखी वळलेली कड नसते आणि जास्त दाबाला टायर निसटू शकतो.

चेन बदलायची की नाही

यावर भाचा आणि मिस्त्रीचं जमेना, आणि दोघांचंही बरोबर होतं.

चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. चोवीस कड्या मोजल्या की नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच, ३०४.८ मिमी भरतात. स्टीलची पट्टी लावून मोजलं तर इथे ३०८ भरले, म्हणजे एक टक्क्याला जरा जास्त. चेन लांबते म्हणजे पट्ट्या ताणल्या जातात असं नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात, आणि ती झीज प्रत्येक सांध्यात थोडी थोडी जमा होते. गिअरच्या सायकलीला अर्धा ते पाऊण टक्का झाला की चेन बदलावी असं धरतात. एक टक्क्यापर्यंत फ्रीव्हीलचे दातही चेनबरोबर झिजून गेलेले असतात.

म्हणून एकटी चेन बदलणं हा सगळ्यात वाईट सौदा. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही, जोर लावला की दातावर चढते आणि घसरते. चढावर उभं राहून पायडल मारताना ती घसरली तर माणूस हँडलवर आपटतो. बदलायचं तर दोन्ही एकदम. त्याचे २७ होत होते.

मिस्त्रीचं म्हणणं, "एकदाच करून टाका, डोक्याला ताप नाही." भाच्याचं म्हणणं, जुनी चेन आणि जुने दात एकमेकांना सरावलेले आहेत, ते आहेत तसे पळतील. खरं सांगायचं तर झिजलेली जोडी एकत्र बराच काळ चालते. गिअर थोडे ढिले पडतात, आवाज होतो, पण जोडी मोडली नाही तर घसरत नाही. ब्रेक किंवा चिमट्याबद्दल असा विचार करणं म्हणजे जिवाशी खेळ. चेनचं तसं नाही, ती एकाएकी दगा देत नाही, आधी कुरकुरते. एखादी कडी अडकत असेल किंवा तिची पट्टी भेगाळलेली असेल, तर मात्र ताबडतोब बदलावी. इथे एक-एक कडी बोटांनी वाकवून पाहिली. दोन अडकत होत्या, तेलाने सुटल्या.

चेन रॉकेलमध्ये धुतली, पूर्ण सुकवली, प्रत्येक रोलरवर एक-एक थेंब तेल सोडलं आणि वरचं पुसून काढलं. वरचं तेल धूळ ओढतं, कामाचं ते आतलंच.

चेन-फ्रीव्हील पुढे ढकललं. २७ वाचले, निदान तेव्हापुरते.

बाकीची कामं

ब्रेकमध्ये काटकसर केली नाही. शू दगडासारखे कडक झाले होते आणि केबलला गंज धरला होता. शू, आतली तार आणि बाहेरचं वेष्टण, सगळं नवं. खर्च ९.

पुढचं हब भाच्याने स्वतः उघडलं. पुढच्या हबला दर बाजूला ३/१६ इंचाचे दहा छर्रे. कोन (आसावरचा निमुळता नट, ज्यावर छर्रे फिरतात) पुसून उजेडात धरला तर छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे. हबमधली वाटी पाहिली, ती गुळगुळीत. यावरच सगळं ठरतं. कोन स्वस्तात बदलता येतो, वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असते आणि ती गेली की बहुधा हबच जातो. जुना कोन सोबत नेऊन आटे जुळवून घेतले. कोनाचे ४. मागच्या हबला दर बाजूला पाव इंचाचे नऊ छर्रे, तिथे कोन ठीक होते, फक्त छर्रे आणि ग्रीस बदललं. बी.बी.चा डावा कप काढून आतून सगळं पुसलं, दर बाजूला पाव इंचाचे अकरा छर्रे घातले. उजव्या कपला हात लावला नाही. त्याचे आटे उलटे असतात, तो जागेवर ठीक होता, आणि चुकीच्या दिशेला जोर लावून लोक तोच कप कायमचा बिघडवतात.

कॉटर पिना आणि चाकांचा आउट मिस्त्रीकडे दिला. कॉटर पिन दाबाने बसवायची असते. नट आवळून ओढून घेतली तर आटे जातात, खाली आधार न देता हातोडी मारली तर छर्ऱ्यांच्या वाट्यांना खड्डे पडतात. दोन्ही पिनांची सपाट बाजू उलटसुलट दिशेला यावी लागते, नाहीतर पायडल एका रेषेत राहत नाहीत. एवढं सगळं शिकण्यापेक्षा मजुरी दिलेली परवडते. पिनांचे ३ आणि मिस्त्रीची सगळी मजुरी १५. छर्रे, ग्रीस, दोन प्रकारचं तेल मिळून ११.

रंगाचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

काय झालं

बेरीज ७८. रेषेच्या आत, पण दोनानेच. सायकल रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की लॉक, दिवे आणि घंटी कुठल्याच हिशोबात नव्हती. त्याचे ९. हातात उरले १३.

पहिल्या काही दिवसांत दोनदा मिस्त्रीकडे जावं लागलं. एकदा कॉटर पिनचे नट पुन्हा आवळायला, हे अपेक्षितच असतं. दुसऱ्यांदा मागच्या ब्रेकची तार बसल्यावर सैल पडली होती. त्यानंतर सायकल रोज पळू लागली. मोठ्या गिअरवर चेन कुरकुरायची. मामांना आवाज ऐकवला तर म्हणाले, "माझ्यावेळेलाही असाच यायचा."

काही महिन्यांनी मागच्या चाकाची एक तार तुटली, फ्रीव्हीलच्या बाजूची. त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, म्हणून तिथेच आधी तुटतात. आणि ती तार घालायला फ्रीव्हील काढावंच लागतं. मजुरी तशीही पडणार होती. भाच्याने तेव्हाच फ्रीव्हील आणि चेन दोन्ही बदलून घेतलं. तारेसकट ३०. यातले १३ राखीवमधले, बाकी १७ मधल्या काळात वाचलेल्या प्रवासखर्चातून आले.

आता एकूण दुरुस्तीचा खर्च ७८ आणि ३०, म्हणजे १०८. मिस्त्रीच्या पहिल्या आकड्यातून रंग वजा केला तर १२२. फरक १४ चा, आणि तो जवळजवळ सगळा भाच्याने स्वतः केलेल्या मजुरीचा. म्हणजे टप्प्याने काम केल्यामुळे सायकल फार स्वस्तात पडली असं म्हणता येत नाही. फायदा झाला तो वेगळा. १२२ हातात नव्हतेच. शिवाय सीटचा पाइप निघाला नसता तर नुकसान एका तेलाच्या बाटलीपुरतं राहिलं असतं. आणि चेन-फ्रीव्हीलचे पैसे सायकल पळते हे पाहून झाल्यावर गेले.

वेगळं काय करता आलं असतं

लॉक आणि दिवे पहिल्या दिवशीच धरायला हवे होते. ते ९ आधी दिसले असते तर ८० ची रेषा ७१ वर आली असती, आणि ७८ चा खर्च तिच्या बाहेर गेला असता. म्हणजे निर्णयच कदाचित वेगळा झाला असता. भाचा म्हणतो तरीही त्याने हेच केलं असतं. मला तितकी खात्री वाटत नाही.

चाकाच्या तारा कोणी तपासल्या नाहीत. सगळ्या एकाच वयाच्या, एकाच गंजाच्या. जवळजवळच्या दोन-दोन तारा बोटांनी दाबून पाहिल्या असत्या तर सैल कुठल्या ते आउट काढतानाच कळलं असतं. एक तार तुटलेल्या जुन्या चाकात दुसरीही लवकर तुटते, त्यामुळे हे काम अजून संपलेलं नाही.

माझा मुख्य आक्षेप पुढच्या चाकाबद्दल आहे. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो, आणि ओल्या क्रोमच्या रिमवर नवा शूसुद्धा आधी घसरतो, मग धरतो. मागचं चाक तसंच ठेवून फक्त पुढे ६२२ ची ॲल्युमिनियमची रिम असलेलं चाक घातलं असतं, तर फ्रेमच्या रुंदीचा प्रश्न आला नसता. ट्यूबही दोन्हीकडे तीच चालली असती, कारण ६३० आणि ६२२ च्या सारख्या रुंदीच्या टायरना एकच ट्यूब लागते. पुढच्या ६३० च्या टायरचे पैसे वाचून त्या चाकात गेले असते. तरी ती रेषा ओलांडली गेली असतीच, थोड्याने. भाच्याने ओल्यात हळू चालवायचं आणि लवकर ब्रेक धरायचा असं ठरवलं आहे. पुढचा टायर झिजला की चाकाचा विचार करू, असं म्हणतो. त्याआधी ब्रेकच्या खाचेत शू अजून चार मिमी खाली सरकतो का ते मोजून ठेवायला मी त्याला सांगितलं आहे.